उभं राहून वल्हवायचं: पहिल्या धड्याआधी काय तयारी केलीत?

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला निघालोय. तिथल्या कर्ली नदीत पॅडलबोर्डिंगचा पहिला धडा आम्ही नणंद-भावजयींनी बुक केलाय. फळीवर उभं राहून लांब वल्ह्यानं पाणी कापत जायचं, एवढंच माहीत. आमचा आणि पाण्याचा संबंध नाथसागराच्या भिंतीवरून फोटो काढण्यापुरता. मराठवाड्यातून जाऊन हे केलेल्यांनी सांगा: घरून काय करून निघालात, काय कामी आलं, काय नुसतं ओझं झालं?
(छत्रपती संभाजीनगर)

लातूर
आमचं पोहणं विहिरीतलं, पाठीला डबा बांधून शिकलेलं. विहिरीत काठ चार हातांवर असतो. इथं वारा फळीसकट माणसाला ओढून नेतो, म्हणून पट्टीचा पोहणारा असला तरी लाइफ जॅकेट हवंच. बकल लावल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा; कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. आणि वजन विचारतील तेव्हा खरं सांगा, ताई. फळी त्यावरच ठरते.

परभणी
मी आणि मावशीनं घरी सतरंजीवर सराव केला. पोरं हसली, हसू देत. आधी गुडघ्यावर, तळहात दोन्ही बाजूंना टेकवलेले. मग गुडघा होता तिथं एक पाऊल, मग दुसरं, आणि सावकाश वर. पावलांत खांद्याएवढं अंतर. फळीच्या मधोमध उचलायची मूठ असते, तिच्या दोन्ही अंगांना पाय आले की तोल बरोबर बसतो. गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, ताठ केले की गेलात.

प्रत्यक्षात आमच्या बॅचमध्ये मावशी सगळ्यात आधी उभी राहिली. पन्नाशी उलटलीय, जिम कधी पाहिली नाही; पण जन्मभर खाली बसून भाकरी थापल्या, उकिडवं बसून धुणं केलं. जिमवाला तरुण मात्र स्वतःच्या पायांकडे बघत होता आणि सारखा पाण्यात. नजर समोरच्या काठावरच्या माडावर ठेवायची. वल्हं शेजारी उभं धरलं की डोक्याच्या वर वीतभर यायला हवं. त्याचं पातं थोडं वाकडं असतं, तो कल पुढच्या बाजूला. नवखे हमखास उलटं धरतात, कारण मनाला ते तसंच बरोबर वाटतं.

नांदेड
घाटाचं कुणीच बोलंना का? लोक रात्रभर गाडीत आंबून डायरेक्ट सकाळच्या बॅचला जायलेत. मग पाय कापायलेत ते पाण्यानं का झोपेनं, काही कळत नाही. एक मुक्काम आधी पोचा. मासे धड्यानंतर हाणा, आधी केळं बस्स.

जालना
जीन्स आणि सलवार नको, भिजली की जड होते. लेगिंग आणि लांब बाह्यांचा लवकर वाळणारा टी-शर्ट. चष्म्याला दोरी. मोबाइल खोलीवर ठेवा.

धाराशिव
पडण्याची तयारी करा. तोल गेला की फळीवर आपटायचं नाही, बाजूला पाण्यात आडवं पडायचं. उथळ जागी पाय खाली रोवत उडी नको. घोट्याला बांधून फळीला जोडलेल्या पट्ट्यामुळं फळी जवळच राहते. आधी ती धरा, वल्हं मागून आणता येतं. परत चढायचं ते फळीच्या मधल्या भागातूनच: मूठ धरायची, पाय मागं झटकत राहायचं आणि पोटावर सरकत वर यायचं. हा भाग शिक्षकाकडून काठाजवळ घोटून घ्या, उभं राहण्याआधी.

बीड
सकाळची बॅच घ्या. दुपारी वारा उठतो आणि उभा माणूस शिडासारखा वारा पकडतो. वारा वाढला तर गुडघ्यावर बसायचं. ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडं ओढतं, म्हणून भरती-ओहोटीची वेळ शिक्षकाला विचारून ठेवा.

छत्रपती संभाजीनगर
सगळं लिहून घेतलं. जायच्या आधी पैठणला नाथसागरात एखादी फळी मागवून सराव केला तर?

बीड
नको. ते पक्षी अभयारण्य आहे, आणि धरणाच्या पाण्यात विनापरवानगी, देखरेखीशिवाय उतरणं बरं नाही. सतरंजी पुरे.

छत्रपती संभाजीनगर
बरं. आता सासूबाई पण येते म्हणतात. उभं राहणार नाही, नुसती बसते म्हणे. चालतं का?

परभणी
चालतं की. मावशीची जाऊ तासभर मांडी घालूनच वल्हवत होती. फक्त वल्हं आखूड करून मागा.