दर ऑफसेटला "सर, येता का?" ऑपरेटरचा आणि स्वतःचा आत्मविश्वास कसा वाढवायचा?

हिंगणा_फर्स्टशिफ्ट
नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी, सीएनसी टर्निंग (संगणकाच्या कंट्रोलवर चालणारे लेथ). आठ मशीन, अकरा ऑपरेटर, त्यातले चार आयटीआयमधून नुकतेच आलेले. दीड महिन्यापासून शिफ्ट माझ्याकडे आहे. ०.०२ मिमीचा ऑफसेट, म्हणजे माप जुळवायला कंट्रोलमध्ये द्यायची दुरुस्ती, टाकायचा असला तरी हाक येते. नाही गेलो तर मशीन उभी ठेवून वाट पाहून राहिले असतात. दुसरं म्हणजे सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्याच घशाला कोरड पडते, कारण समोर वीस-वीस वर्षं मशीनवर काढलेले दोघं उभे असतात. "आत्मविश्वास ठेवा" सोडून काही सांगा भाऊ.

सेटर_बुटीबोरी
हाक मारणं त्यांना स्वस्त पडतं. ऑफसेट चुकला तर बोलणी त्यांना, तुम्हाला बोलावलं तर जबाबदारी तुमची. मग कोण कशाला हात लावेल? चूक स्वस्त करा, पोरं हात लावतील.

मी ५० मिमी व्यास, ±०.०४ धरून सांगतो. मशीनवर एक रंगीत पट्टी लावा. ४९.९८ ते ५०.०२ हिरवं. तिथून ४९.९६ पर्यंत खाली आणि ५०.०४ पर्यंत वर पिवळं. त्याबाहेर लाल. हिरव्यात असताना ऑफसेटला हात लावायचाच नाही. एक पीस पिवळ्यात आला तर पुढचा मोजायचा. लागोपाठ दोन एकाच बाजूच्या पिवळ्यात आले तर ऑपरेटरने स्वतः ऑफसेट द्यायचा, विचारायचं नाही. एक वरच्या पिवळ्यात, एक खालच्या, तर सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) बोलवायचं, कारण तो ऑफसेटचा प्रश्नच नाही. चक (जॉब पकडतो तो), इन्सर्ट (कापणारी पाती) नाहीतर टरेट (टूल धरतो तो) बघावा लागेल. लाल म्हणजे मशीन बंद. कुठे आपण ठरवायचं आणि कुठे हाक मारायची हे पट्टीवरच दिसलं की निम्म्या हाका तिथेच थांबतात.

नवीन पोरं कुठे फसतात तेही बघा. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर 'इनपुट' दाबलं की जुना आकडा जाऊन नवा बसतो, 'प्लस इनपुट' दाबलं की जुन्यात मिळवला जातो. वेअरमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती टाकतात त्या रकान्यात) आधीच −०.०५ आहे, जॉब ५०.०३ येतोय, पोराने −०.०३ टाकून 'इनपुट' दाबलं. आता वेअर −०.०३ झाला, म्हणजे जॉब कमी व्हायचा सोडून ५०.०५ होतो. रिजेक्ट! पोराला वाटतं आपल्याला जमतच नाही, आणि तो पुन्हा महिनाभर त्या पानाला हात लावत नाही. हे एकदा भंगार पीसवर मुद्दाम करून दाखवा.

०.०३ ऐवजी ०.३ टाकला जाण्याची भीती असेल तर पॅरामीटरमध्ये मर्यादा घालता येते, ०.१० च्या वरचा आकडा कंट्रोल घेणारच नाही. इन्सर्ट बदलल्यानंतरचं सेटिंग मात्र सेटरकडेच ठेवा.

गेज_आणि_गणित
वरच्यात एक भर. जॉब गरम असताना मोजू देऊ नका. स्टील एक अंश तापलं की मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. मास्टरपेक्षा (गेज जुळवायच्या प्रमाण तुकड्यापेक्षा) २० अंशांनी गरम असलेला ५० मिमीचा जॉब ०.०११ ते ०.०१२ ने मोठा दिसतो. म्हणजे ५०.०३ वाचन आलं, पोराने ऑफसेट दिला, आणि थंड झाल्यावर कळलं की पीस हिरव्यातच होता. मग पुढचा लहान येतो, तो उलटा ऑफसेट देतो, आणि दिवसभर आकड्यामागे धावतो. ही त्याची कमजोरी नाही, मोजण्याची चूक आहे. हे त्याला याच शब्दांत सांगा.

क्वालिटीवाली_ताई
शिकवायची पद्धत जुनीच चांगली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांसाठी ती वापरली गेली: आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला किती येतं ते विचारा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग हळूहळू लक्ष कमी करा. आपल्याकडे तिसरी पायरी गाळतात. "समजलं ना?" "हो सर." झालं! करताना त्याने प्रत्येक टप्प्याचं कारण मोठ्याने सांगितलं पाहिजे.

सूट अशी द्या. पहिले काही ऑफसेट तुमच्यासमोर. पुढचे त्याने टाकायचे, पण सायकल स्टार्टआधी तुम्हाला आकडा दाखवायचा. नंतर फक्त रजिस्टरमध्ये वेळ, जुना आकडा, नवा आकडा, पुढच्या पीसचं माप. पाच ओळी बरोबर आल्या की पुढची पायरी.

हाक आलीच तर बटणाला हात लावू नका. "किती आलं? तुला काय वाटतं? किती देशील?" एवढंच विचारा. आकडा बरोबर असेल तर "टाक" म्हणा आणि तिथून निघा. उभं राहून बघत बसलात तर ती परवानगी खोटी ठरते. "शाब्बास"ने फार होत नाही. "दुसरा पीस मोजून मग ऑफसेट दिलास, बरोबर केलंस" याने होतं. आणि सगळ्यांसमोर झापलंत तर उद्यापासून रिजेक्ट पीस लाल डब्यात नाही, चिपच्या ट्रॉलीत सापडतील.

जुना_फोरमन
आता तुमच्या घशाचं.

चिठ्ठीवर तीन ओळी: कालचं रिजेक्शन किती आणि कोणत्या जॉबवर, आजचा प्लॅन, आज जपायची एक गोष्ट. पहिलं वाक्य पाठ करा, बाकी वाचून दाखवा. चिठ्ठी वाचण्यात कमीपणा नाही. जुन्या दोघांशी मीटिंगआधीच दोन मिनिटं बोला: "काका, चार नंबरवर टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) येऊन राहिला, तुम्हाला काय वाटतं?" त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने मीटिंगमध्ये सांगा. येत नाही ते येतं म्हणून सांगू नका, ते तुमच्यापेक्षा आधी ओळखतात. "माहीत नाही, जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगतो" म्हणा, आणि सुट्टीच्या आत सांगाच.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये अशा भरवशाचे चार स्रोत मांडले: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्याला जमलेलं बघणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि शरीराची अवस्था. सगळ्यात वजनदार पहिला. दुसऱ्यासाठी नवीन पोराला वीस वर्षंवाल्याजवळ नाही, वर्षभरापूर्वी आलेल्याजवळ उभं करा. चौथा आपल्या गावात विसरू नका. मे महिन्यात पारा ४५ वर असताना दुपारी दोनला कोणाला पहिला स्वतंत्र ऑफसेट देऊ नका, सकाळी साडेसातला द्या.

हिंगणा_फर्स्टशिफ्ट
पट्टी उद्याच लावतो, चार नंबरपासून. पण सूट दिल्यावर एकाने तीच चूक दोनदा केली तर? परत सगळं माझ्याकडे घेऊ का?

क्वालिटीवाली_ताई
सगळं नाही, एकच पायरी मागे. रजिस्टरवर होता तर पुन्हा "आकडा दाखव, मग स्टार्ट". तेही फक्त त्याच जॉबपुरतं, आणि परत केव्हा पुढे जाणार ते त्याच वेळी सांगा: पाच ओळी बरोबर आल्या की. त्याआधी रजिस्टर उघडून जुना आणि नवा आकडा बघा. बहुतेक 'इनपुट'च दाबलेलं निघेल.