मदत हवी आहे : पंख असलेल्या पात्रांनी कपडे घालायचे कसे?

एका चित्रकथेसाठी पात्रं रेखाटतेय. नायिकेला खांद्याच्या पात्यांजवळ फुटलेले, पिसांचे मोठे पंख आहेत. पंख जमलेत, अडलंय कपड्यांपाशी. पाठीला दोन भेगा दाखवल्या की चित्र छान दिसतं, पण एवढाले पंख त्या भेगांतून ओवणार कोण?

सध्या असं सुचलंय: पाठीचा मधला पट्टा कंबरेला शिवलेला, तो पंखांच्या मधून वर घ्यायचा आणि मानेमागे बटणाने अडकवायचा. बाजूचे भाग पंखांच्या मुळाखाली नाडीने बांधायचे. शिवणकाम येणाऱ्यांनी सांगा, उडताना ताण आला की हे टिकेल का? हॉल्टर नेक (मानेमागे बांधायचा, पाठ उघडी ठेवणारा गळा) हा सोपा उपाय माहीत आहे, पण गोष्ट बर्फाळ डोंगरात घडते. बिचारी गारठेल!

चिलखताचं कोडं वेगळंच. पक्ष्यांमध्ये पंख खाली मारण्याची ताकद छातीच्या मोठ्या स्नायूंमधून येते. मग तिची छाती भरदार हवी, आणि वरचं कवच सैल. की छोट्या पट्ट्या एकमेकींवर सरकत्या ठेवू?

खलनायकाला मात्र वटवाघळाचे पंख दिलेत. वटवाघळाच्या पंखाचा पडदा शरीराच्या कडेने थेट मागच्या पायापर्यंत जोडलेला असतो. तसंच ठेवलं तर अंगाभोवती काही गुंडाळताच येत नाही, पुढचा आणि मागचा तुकडा जोडायचा कुठे? खांद्यावर आणि पायांच्या मधून, एवढंच डोक्यात येतंय, आणि ते लंगोटासारखं दिसतं. खलनायकाचा दरारा राहील असं काही सुचवा ना. कॉस्प्लेसाठी (कथेतल्या पात्रांसारखा वेश करण्यासाठी) असं काही शिवलेलं कुणी आहे का इथे?