युरोपा ४: तह झाल्यावर पुढच्या युद्धापर्यंत नक्की करायचं काय?

नवा_कास्टिल
मंडळी, युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा इतिहासातली राज्यं चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळतोय, कास्टिल (स्पेनमधलं जुनं राज्य) घेतलंय. ग्रानाडा जिंकून झालं. लढाईचा भाग जमतो मला, डोंगरात बसलेल्या सैन्यावर चाल करायची नाही, नदी ओलांडून हल्ला करायचा नाही, आधी किल्ला पाडायचा वगैरे. गाडी अडते ती त्याच्या पुढे. तह झाला की ट्रूस (युद्धबंदी) संपेपर्यंत निदान पाच वर्षं त्याच्यावर चढाई नाही, जास्त जमीन घेतली तर ते पंधरापर्यंत जातं, आणि दुसऱ्या कुणाकडे वळावं तर अॅग्रेसिव्ह एक्सपान्शन (जमीन बळकावल्याबद्दल इतर देशांचा राग) वाढून सगळे युती करून अंगावर येतील अशी धास्ती. मग स्पीड ५ वर टाकून बघत बसतो आणि कंटाळा येतो. तुम्ही लोक ह्या मधल्या वर्षांत काय करता? आणि राज्य चालवण्यातच खरी मजा आहे असा दुसरा एखादा गेम असेल तर तोही सांगा.

नकाशेवेडी
पहिलं काम, स्पीड ३ वर आण. हा गेम मधल्या वर्षांतच जिंकला जातो असं माझं ठाम मत आहे, युद्ध म्हणजे फक्त त्याची वसुली.

वरच्या पट्टीतले ते तीन आकडे बघ, अॅडमिन (कारभार), डिप्लो (परराष्ट्र व्यवहार), मिलिटरी (सैन्य). प्रत्येकात महिन्याला ३ पॉइंट आपोआप येतात, त्यावर राजाच्या अंगचे आणि सल्लागाराचे. तुझा वारस एनरिके आहे ना, त्याचे तिन्ही आकडे शून्य आहेत! तो गादीवर बसला की राजाकडून काहीच येणार नाही, म्हणजे सगळी भिस्त सल्लागारांवर. सुरुवातीला लेव्हल १ चा सल्लागार महिन्याला साधारण १ डुकाट (गेममधलं नाणं) खातो, लेव्हल २ चा ४, लेव्हल ३ चा ९. म्हणून तिघंही लेव्हल १ चे ठेवायचे आणि उत्पन्न वाढलं की आधी अॅडमिनवाला वर न्यायचा, कारण जिंकलेल्या जमिनीचं कोअरिंग (ती पक्की आपली करून घेणं) त्याच पॉइंटमधून होतं, अॅडमिन टेक (तंत्रज्ञान) आणि स्टॅबिलिटीही त्याच्यातूनच. रायव्हल (प्रतिस्पर्धी देश) नेमलेत का? तीन नेमता येतात, पॉवर प्रोजेक्शन (देशाचा दबदबा) ५० च्या वर गेलं की तिन्हीत महिन्याला एकेक पॉइंट जास्तीचा मिळतो आणि कास्टिलसारख्या देशाला ते मुळीच अवघड नाही.

युतीचं तू जरा जास्तच मनावर घेतलंयस. ज्या देशाचा तुझ्यावरचा राग ५० च्या वर आहे तोच युतीत जाऊ शकतो, आणि हा राग सगळ्यांना सारखा येत नाही, जवळच्यांना आणि जिंकलेल्या प्रांताच्या धर्मबांधवांना जास्त येतो. ग्रानाडा घेतल्यावर मोरोक्को, त्लेमसेन, ट्युनिस चिडणार, फ्रान्सला फारसा फरक पडत नाही. एकेका देशावर क्लिक करून आकडा बघून घे. राजदूत मोकळे बसवू नकोस, एक संबंध सुधारायला लाव आणि एक हेरगिरीला, म्हणजे ट्रूस संपेस्तोवर पुढचा क्लेम (जमिनीवरचा दावा) हातात असतो.

रात्रपाळी
वर सगळं बरोबर सांगितलंय, फक्त पैशाचं राहिलं. तह झाल्या झाल्या सैन्याच्या मेंटेनन्सचा (देखभाल खर्चाचा) स्लायडर खाली ओढायचा, आणि ज्या बाजूला धोका नाही तिथले किल्ले मॉथबॉल करायचे (खर्च वाचवायला तात्पुरते बंद ठेवायचे). पण नवीन प्रांतात बंडाची पट्टी भरत आली असेल तर स्लायडर आधीच वर न्यायचा, मोराल भरायला काही महिने जातात आणि बंडखोर काही तुझ्यासाठी थांबत नाहीत. नकोसा ताण वाटला तर त्या प्रांताची ऑटोनॉमी (स्वायत्तता) वाढव, महसूल कमी येईल पण शांतता राहील.

व्यापारी कुठे बसवलेत ते पण बघ. राजधानीच्या नोडमध्ये (व्यापारकेंद्रात) माणूस नसला तरी तिथला पैसा गोळा होतोच, त्यामुळे त्याला बाहेर पाठवून तिकडचा माल स्वतःच्या नोडकडे वळवायला लावणं बहुतेक वेळा जास्त फायद्याचं पडतं. व्यापार एकाच दिशेनं वाहतो, इंग्लिश चॅनल, जिनोआ आणि व्हेनिस ह्या तीन ठिकाणी पोचला की तिथून पुढे जात नाही, म्हणून तिथले देश मालामाल असतात.

अॅडमिन टेक ५ ला पहिला आयडिया ग्रुप (धोरणांचा संच) उघडतो, कास्टिल असेल तर एक्सप्लोरेशन (नव्या भूमींचा शोध) घे. आणि पुढे अमेरिकेतलं सोनं यायला लागलं की इन्फ्लेशनवर (महागाईवर) नजर ठेव, हे मी कळकळीने सांगतोय, कारण इथे गेम इतिहासाच्या फार जवळ जातो. पोटोसीची (आजच्या बोलिव्हियातली) चांदी १५४५ मध्ये सापडली, जहाजं भरभरून माल यायचा, स्पेनमध्ये भाव चढत गेले आणि राजा दुसऱ्या फिलिपने १५५७ मध्ये देणी थांबवली. एवढी चांदी येऊन दिवाळं कसं निघतं हे मला पुस्तकात वाचून कधी नीट कळलं नव्हतं, गेममध्ये इन्फ्लेशन वाढलं आणि सल्लागारापासून बांधकामापर्यंत सगळंच महाग होत गेलं तेव्हा कळलं.

गिरणी_१८३६
दुसरा गेम विचारलायस तर व्हिक्टोरिया ३ बघ. १८३६ ते १९३६ अशी शंभर वर्षं, आणि त्यात युद्ध केलंच पाहिजे असं काही नाही. बेल्जियम किंवा स्वीडन घेऊन सुरू कर. आधी लाकूड, अवजारं, मग लोखंड आणि कोळसा, बांधकाम खातं लोखंडी सांगाड्यावर नेलंस की वेग वाढतो पण लोखंडाची मागणी एकदम चढते आणि खाणी कमी असतील तर भाव तुझ्याच खजिन्यावर बसतात. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

मला स्वतःला त्यातले कायदे जास्त आवडतात. रशिया सुरू होतो तेव्हा वेठबिगारी चालू असते, ती काढायला गेलं की जमीनदार खवळतात आणि सुरुवातीला सगळी ताकद त्यांच्याचकडे असते. थेट भिडलास तर बंड होतं. त्यापेक्षा आधी कारखाने वाढव, कारखानदार आणि शहरी लोकांचं वजन वाढू दे, जमीनदारांना सरकारबाहेर ठेवता येतं का बघ, मग कायद्याला हात घाल. सुधारणा कागदावर लिहून होत नाहीत, त्यांच्या मागे कोण उभं आहे ते आधी तयार करावं लागतं, हे एवढं स्पष्ट दाखवणारा दुसरा गेम माझ्या बघण्यात नाही.

क्रुसेडर किंग्ज ३ पण चालेल, तिथे शांततेत घराणं सांभाळायचं असतं, म्हणजे लग्नं, रुसवेफुगवे, वाटण्या. हार्ट्स ऑफ आयर्न ४ मात्र तुझ्यासाठी नाही, त्यातली शांततेची वर्षं म्हणजे निव्वळ युद्धाची तयारी.

नवा_कास्टिल
खूप आभार सगळ्यांचे. सल्लागार बसवले, मोरोक्कोचा राग ५० च्या खालीच निघाला. एक शंका, १४५० ला रेनेसान्स (प्रबोधन) इटलीत आला, माझ्याकडे अजून पोचला नाही आणि त्यामुळे टेक महाग होत चाललंय. वाट बघू की स्वतः काही करू?

नकाशेवेडी
थोडी वाट बघितलीस तर चालेल, इटली फार लांब नाही आणि टेकवरचा दंड हळूहळू वाढतो. पण पॉइंट ९९९ च्या मर्यादेला टेकायला लागले असतील तर एका चांगल्या सपाट शेतजमिनीच्या प्रांतावर डेव्हलपमेंट वाढवत राहा, तिथे ती स्वस्त पडते, आणि त्यामुळेच त्या प्रांतात रेनेसान्स पोचला की तिथून शेजारी पसरायला लागतो. फक्त त्या नादात अॅडमिन पॉइंट सगळे उडवू नकोस, टेक ५ चे बाजूला काढून ठेव.