शब्दचर्चा: काउंटी संघांची 'लीग' म्हणजे साखळी का?

शब्दवेडा:
आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलवर (चेंडू हातानेही आणि पायानेही खेळायचा तिथला खेळ) लेख लिहितोय, 2025 च्या राष्ट्रीय लीगबद्दल. पहिल्याच वाक्याला अडलो. आधी 'काउंटी संघांच्या लीगचा मोसम' असं लिहिलं, मग लाज वाटून 'जिल्हा संघांच्या साखळी स्पर्धेचा मोसम' केलं. बायकोने वाचलं आणि विचारलं, "मग बाद फेरी कधी सुरू झाली?" आता काय सांगू! या लीगमध्ये बाद फेरी नाहीच. सात फेऱ्या, मग पहिल्या दोघांत अंतिम सामना, संपलं. शिवाय 'डिव्हिजन'ला विभाग म्हणावं, गट की श्रेणी? आणि 'रेलिगेशन'ला, म्हणजे तळाच्या संघांनी खालच्या डिव्हिजनमध्ये जाण्याला?

लिफीकाठ:
वहिनी बरोबर आहेत. आपल्या क्रीडापानांनी 'साखळी' हा शब्द टप्प्याला बांधून टाकलाय. 'साखळीतच गारद', 'साखळीत अव्वल' असं वाचलं की पुढे बाद फेरी येणार हे गृहीतच असतं. गेलिक लीग ही मात्र आपल्या पायावर उभी असलेली स्पर्धा आहे. 1925-26 ला सुरू झाली, पहिला करंडक लीश काउंटीने नेला. लीग उरकली की ऑल-आयर्लंड अजिंक्यपद वेगळं सुरू होतं आणि लोकांचा खरा जीव त्यात असतो. लीगमधल्या क्रमवारीवर अजिंक्यपदाच्या वरच्या 16 संघांतल्या काही जागा ठरतात, तेवढाच दोन्हींचा सांधा.

आयरिश भाषेने दोन्हींना वेगळे शब्द ठेवलेत. लीग म्हणजे 'स्रा': ओळ, थर, मालिका, कापून आडव्या पडलेल्या गवताचा पट्टा. अजिंक्यपद म्हणजे 'क्रीव्ह', शब्दशः फांदी. त्यामुळे मी 'लीग' आणि 'अजिंक्यपद' अशी जोडी ठेवीन. लीग हा शब्द आता आपल्याकडे रिक्षावाल्यालाही कळतो.

पाटीपेन्सिल:
'विभाग' नकोच. विभाग म्हटलं की कोकण विभाग, नाशिक विभाग डोळ्यांपुढे येतात, म्हणजे भूगोल. 'गट' म्हटलं की अ गट, ब गट, सगळे एकाच पातळीवरचे. इथे 32 संघ चार पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीवर आठ. तेव्हा 'श्रेणी'. फक्त 'प्रथम श्रेणी' लिहू नका, त्याच्यावर क्रिकेटने आणि परीक्षा मंडळाने आधीच ताबा घेतलाय. 'पहिली श्रेणी' लिहा.

रेलिगेशनला 'पदावनती' म्हणजे मंत्रालयातल्या फायलीचा वास. 'गच्छंती' हा वर्तमानपत्रांचा लाडका, पण गच्छंती झालेला माणूस दाराबाहेर जातो. हे संघ घरातच राहतात, खालच्या मजल्यावर. डेरी काउंटीचंच बघा: 2024 ला डब्लिनला पेनल्टीवर हरवून लीग जिंकली आणि 2025 ला एकही सामना न जिंकता टिरोनसोबत खाली आले. 'दुसऱ्या श्रेणीत उतरले' एवढं पुरे. मोनाहन आणि रॉसकॉमन 'वर चढले'. चढणं-उतरणं हे साधे शब्द असताना बढती आणि पदावनती कशाला?

चढाईपटू:
'जिल्हा' मला पटतो. आपल्या कबड्डीच्या राज्य अजिंक्यपदात जिल्हा संघच उतरतात. गावच्या मंडळाकडून खेळायचं, तिथून जिल्ह्यात निवड. तिकडेही खालच्या पातळीवर क्लब आणि वर काउंटी. सांगली-रत्नागिरी सामन्याला जी खुन्नस असते ती 'काउंटी' म्हटल्यावर उतरत नाही. काउंटी म्हटलं की मला पांढऱ्या कपड्यातले इंग्लिश क्रिकेटवालेच दिसतात.

लिफीकाठ:
खुन्नस मान्य. पण आपला जिल्हा सरकारी कागदाने जन्मतो. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे जिल्हे झाले, की कबड्डीतही दोन संघ झाले. तिकडे उलट आहे. 1994 मध्ये डब्लिन काउंटीची परिषद बरखास्त होऊन तिच्या जागी तीन नव्या परिषदा आल्या, संघ मात्र एकच राहिला. टिपरेरीचा कारभार 2014 पर्यंत उत्तर आणि दक्षिण असा वेगवेगळा चालायचा, जर्सी एकच. डेरी आणि टिरोन तर उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडमच्या हद्दीत. आणि लीगमध्ये लंडनही खेळतं! 'लंडन जिल्हा' लिहिणार का? काउंटीच ठेवा, आणि ती खुन्नस एका वाक्यात सांगा.

पाटीपेन्सिल:
+1. एका शब्दाने सगळं काम करावं हा हट्ट आपणच धरतो.

शब्दवेडा:
बरं, काउंटी. आता हे वाक्य तपासा: '30 मार्च 2025 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर केरीने मेयोला 1-18 विरुद्ध 1-12 असं हरवलं, म्हणजे केरीने 18 वेळा चेंडू आडव्या दांड्यावरून मारला.'

लिफीकाठ:
पहिला अर्धा भाग ठीक, दुसरा खोडा. डावीकडचा आकडा गोलांचा, एक गोल तीन गुणांचा. म्हणून केरीचे 21 आणि मेयोचे 15. उजवीकडचे 18 हे गुण आहेत, फटके नव्हेत. 2025 पासून जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेले नवे नियम आले. त्यात 40 मीटरच्या कमानीबाहेरून दांड्यावरून चेंडू घातला तर दोन गुण. पंच पांढऱ्याऐवजी केशरी निशाण फडकवतो (गोलाला हिरवं). 2024 पर्यंत दांड्यावरून गेलेल्या प्रत्येक चेंडूला एकच गुण होता, त्यामुळे तोपर्यंतच्या लेखात तुमचा हिशेब चालला असता.

चढाईपटू:
मग गुणतक्त्याचं काय? विजयाला 2 गुण, बरोबरीला 1. सामन्यातलेही गुण, तक्त्यातलेही गुण. कबड्डीतही हाच गोंधळ व्हायचा. आम्ही 'साखळी गुण' म्हणायचो. पाहा, साखळी आलीच मागच्या दाराने!

लिफीकाठ:
'लीगचे गुण' म्हणा. अवांतर: आयरिशमध्ये गोल म्हणजे 'कूल' आणि गुण म्हणजे 'कूलीन', छोटा कूल. समालोचक ओरडतो तेव्हा मला दर वेळी घराण्याची चौकशी चालल्यासारखं वाटतं.

पाटीपेन्सिल:
'अॅमेच्युअर'ला काय लिहिलंय? हे खेळाडू मानधनाशिवाय खेळतात. 'हौशी' शब्द बरोबर आहे, पण जपून. हौशी नाटक, हौशी गायक म्हटलं की वाचक जरा हसतो. कबड्डी संघटनांच्या नावातला 'हौशी' ज्यांना आठवतो त्यांना हसू येत नाही, पण नव्या वाचकाला तो संदर्भ नाही.

चढाईपटू:
'पगार न घेता खेळणारे' लिहा. दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदान, आम्हीही तसेच खेळलो. फरक इतकाच की आमच्या सामन्याला क्रोक पार्क नव्हतं, शाळेचं पटांगण होतं.

शब्दवेडा:
सुधारलेलं वाक्य: 'राष्ट्रीय लीगच्या 2025 च्या हंगामात गतविजेती डेरी दुसऱ्या श्रेणीत उतरली आणि केरीने करंडक नेला, त्याच केरीने जुलैमध्ये डोनेगलला हरवून अजिंक्यपदही घेतलं.' मोसम काढून हंगाम केलाय. जानेवारीअखेर ते मार्चअखेर, आंब्यासारखाच छोटा.

बायकोला वाचून दाखवलं. तिने नकाशा उघडला, आयर्लंडच्या बत्तीस काउंट्या मोजल्या आणि विचारलं, "लंडन धरून 32 संघ, मग आयर्लंडची एक काउंटी कमी पडते. कुठली?"

लिफीकाठ:
किलकेनी. ते हर्लिंगवाले, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचे वेडे; फुटबॉलच्या या लीगमध्ये उतरत नाहीत. आणि हर्लिंगच्या काठीला मराठीत काय म्हणायचं, यासाठी नवा धागा काढा, इथे नको.