मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती : तुमचे अनुभव लिहा

टीव्हीवरची नास्कार, म्हणजे अमेरिकेतली मोठी मोटार शर्यतींची मालिका, सगळ्यांनी पाहिलीय, हा धागा तिच्यासाठी नाही. अमेरिकेत शनिवारी रात्री गावोगावच्या मातीच्या ट्रॅकवर स्टॉक कार, म्हणजे साध्या गाडीच्या धर्तीवरच्या शर्यतीच्या गाड्या, पळतात. दिवसा गॅरेजात नाहीतर शेतावर राबणारी माणसंच त्या चालवतात. तिथे हौसेनं गेला असाल किंवा शेजाऱ्यानं ओढून नेलं असेल, तरी लिहा.

डेटनकर : आमचं ठिकाण ओहायोतला एल्डोरा ट्रॅक. तिथल्या रॉसबर्ग गावाला मक्याच्या शेतांतून जाताना एकदम दिवे दिसायला लागतात. अर्ल बाल्टेस नावाच्या बँडवाल्यानं 1954 मध्ये हा ट्रॅक सुरू केला, आता तो अर्ध्या मैलाचा आहे. 2004 मध्ये तो नास्कारचा ड्रायव्हर टोनी स्टुअर्टनं घेतला. पुण्याहून आलेले काका म्हणाले, "पैसे मोजलेत तर पुढेच बसू." शेजारचे आजोबा काही न बोलता सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन बसले. पहिल्याच हीटला, म्हणजे आधीच्या छोट्या पात्रता शर्यतीला, वळणावरून ढेकळं उडाली, एक थेट काकांच्या नाचोजमध्ये. काका तरीही फीचरपर्यंत, म्हणजे रात्रीच्या मुख्य शर्यतीपर्यंत, जागचे हलले नाहीत, हेही सांगायला हवं.

मूळ सातारचा, आता आयोवात : मी बूनच्या ट्रॅकला जातो. सप्टेंबरात तिथे आयएमसीए या शर्यत-संस्थेची सुपर नॅशनल्स ही मोठी स्पर्धा असते, पण मला एरवीची साधी रात्रच आवडते. आमच्याकडे छकड्यांच्या मैदानात जाणती माणसं बैलांआधी जमीन बघतात, तसंच इथे. संध्याकाळी टँकर पाणी मारतो, मग गाड्याच हळूहळू फिरून माती दाबतात. सुरुवातीला टायर चिकटून धरतात. रात्र चढते तशी ओल जाते, मधला पट्टा काळा, गुळगुळीत, चकाकता होतो आणि गाड्या आडव्या सरकायला लागतात. वळायचं डावीकडे, पण चाकं उजवीकडे धरलेली! सुटी माती बाहेरच्या कडेला बांधासारखी साठते. ज्याच्यात दम असतो तो त्या बांधाला मागचं चाक टेकवून वरून गाडी काढतो. जरा जास्त गेला की भिंत. शर्यत संपल्यावर पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात तिथे, सोडतात. तिथे चेपलेला पत्रा हातोड्यानं सरळ करणारा ड्रायव्हर आपल्याशी निवांत गप्पा मारतो.

आई_ओहायो : लहान मुलं असतील तर कानांना मफ्स हवेतच, नुसता कापूस नको. पांढरे कपडे घालू नका, पुढचं काही सांगत नाही.

केरीवाली : आमच्याकडे शर्यत नाही, तिची जागा आहे. नॉर्थ कॅरोलिनात हिल्सबरोजवळचा ऑकोनीची ट्रॅक नास्कारच्या पहिल्याच, म्हणजे 1949 च्या हंगामातला. 1968 मध्ये तो बंद पडला. शेवटची शर्यत नास्कारचा नामांकित ड्रायव्हर रिचर्ड पेटीनं जिंकली. आता तिथे फिरायची वाट आहे, ट्रॅकवर पाईन वाढलेत आणि झाडीत काँक्रीटच्या पायऱ्या दिसतात. मराठी मंडळाची सहल नेली होती. निम्मी मंडळी डब्यातच गुंतली होती.

टेनेसीतला : 2021 मध्ये ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या ट्रॅकवर ट्रकांनी माती आणून टाकली आणि नास्कारची मुख्य मालिका 1970 नंतर पहिल्यांदा मातीवर धावली. म्हणजे धावायची होती रविवारी. पावसानं सगळा राडा केला आणि शर्यत सोमवारी गेली, जोई लोगानो जिंकला. गावातल्या ट्रॅकची मजा त्यात नव्हती, पण सोडवतही नव्हतं. सोमवारच्या सुट्टीसाठी ऑफिसात काय कारण दिलं ते इथे लिहीत नाही, आमचे दोन सहकारी हा धागा वाचतात.