अपघातानंतर मुलगा गाडीत बसत नाही, थेरपीचा कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,
चार महिन्यांपूर्वी आमच्या गाडीला अपघात झाला, लागलं कुणालाच फार नाही, पण माझा सात वर्षांचा मुलगा तेव्हापासून गाडीचं दार उघडलं की माझा हात घट्ट धरतो, रात्री दचकून उठतो आणि रोज त्याच दोन खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आपटत बसतो, न हसता, न बोलता. घरचे म्हणतात विषय काढू नकोस, विसरेल आपोआप. औषध द्यावं लागतं का?

---

ताई, महिना उलटूनही चाललंय ना, मग आता वाट बघू नका. तो खेळ म्हणजे हट्ट नाही, लहान मुलांच्या मनातली भीती अशीच खेळातून परत परत बाहेर येते. माझ्या मुलीला कुत्रा चावला तेव्हा आम्हीही सहा महिने गप्प राहिलो, तिला वाटलं हे बोलायचंच नसतं, ते मला अजून टोचतं.

तिला ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी दिली, म्हणजे धक्का बसलेल्या मुलांचे विचार, भावना आणि वागणं हळूहळू सावरणारी बोलण्यातून होणारी थेरपी. ३ ते १८ वयाच्या मुलांसाठी असते, साधारण १२ ते १६ सेशन. पहिल्याच दिवशी कुणी खोदून खोदून विचारत नाही हो. आधी श्वास, अंग सैल सोडणं, भीती-राग ओळखायला शिकणं, मग हळूहळू मूल आपली गोष्ट बोलून, लिहून नाहीतर चित्रातून सांगतं. माझ्या मुलीने कुत्रा काढलाच नाही, नुसतं अर्धवट उघडं फाटक काढलं आणि तिथून ती बोलायला लागली. आईवडिलांचीही सेशन असतात, त्यामुळे थेरपिस्टला आधीच विचारा, ही थेरपी शिकलात का आणि आम्हाला सामील करून घेणार का. गाडीचंही तसंच, इंजिन बंद, दार उघडं, दोन मिनिटं बसायचं, पण त्यांनी सांगितल्यावरच, जबरदस्ती नको.

याने फरक नाही पडला तर ईएमडीआर असतं, म्हणजे ती आठवण मनात आणून डोळे डावी-उजवीकडे फिरवत करायची थेरपी. औषधाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०१८ ची गाइडलाइन स्पष्ट सांगते, १८ च्या आतल्यांना पीटीएसडीसाठी, म्हणजे अशा धक्क्यानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासासाठी, गोळ्या देऊ नका.

---

दादा, मनापासून आभार. काल झोपताना त्याला एवढंच म्हटलं की मलापण तो दिवस आठवतो. तो म्हणाला, "तुलापण?" आणि बराच वेळ बिलगून बसला. सोमवारी थेरपिस्टला फोन करते.