अलमट्टी, पूर आणि उपाधी

‘कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण भरलं की कोल्हापुरात पूर येतो, म्हणजे पूर अलमट्टीमुळेच’ हा युक्तिवाद न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, पाच अवयवांत मांडून बघा: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण (नियम दाखवणारा दाखला), उपनय (तो नियम इथं लावणं), निगमन (निष्कर्ष). लंगडतो तो तिसऱ्यावर. इथं नुसता अन्वय आहे, दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढाच. व्यतिरेक, म्हणजे एक नसताना दुसरंही नसणं, कुठाय? धरणात पाणी कमी असताना कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी कधी ओलांडली का, तारखेनिशी तपासा.

शिवाय उपाधी, म्हणजे नियमामागे लपलेली जास्तीची अट, आहेच. गुऱ्हाळाच्या चुलवाणात आग असली की धूर निघतोच असं नाही. चिपाडं ओली असावी लागतात. इथली ओली चिपाडं म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस. त्याचा हिशेब लावल्याशिवाय ‘मुळेच’मधला ‘च’ लिहू नये. फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे नदीचं पाणी मागे तुंबण्याचा, मुद्दा मी फेटाळत नाही, पण तो अजून सिद्ध करायचा राहिलाय.